लंगडी घोडी, मोठं घराणं आणि नर कुठला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही डॅलसच्या उत्तरेला राहता. तेरा वर्षांची मुलगी कटिंग या गुरं अडवण्याच्या घोडेस्वारीच्या खेळात, युवा गटात उतरते. तिच्यासाठी घेतलेली क्वार्टर हॉर्स जातीची घोडी आता अकरा वर्षांची झाली, मागचा एक पाय धरायला लागली, आणि डॉक्टरांनी स्पर्धा बंद म्हणून सांगितलं. घोडीच्या वंशावळीचे कागद चांगले आहेत: वडिलांकडून ती स्मार्ट लिटल लीनाची नात, आईकडून पेपी सॅन बॅजरची पणती. ट्रेनर म्हणतो, 'कॅट' घराण्याचा नर लावा. शेजारचा रँचवाला म्हणतो, डॉक बार या जुन्या नराचं रक्त आधीच फार झालंय, अजून घातलंत तर शिंगरू बिघडेल. आणि तुम्ही विचारता, नर कुठला?

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो, इकडे येऊन पुढचं शिकलो, आणि गेली वीसहून जास्त वर्षं फोर्ट वर्थच्या पश्चिमेला, वेदरफर्डच्या आसपास, घोड्यांच्या प्रजननाचंच काम करतो. जानेवारी ते जून माझा एक हात अल्ट्रासाउंडच्या प्रोबवर असतो. आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो: मी जिथे काम करतो तिथे काही नामांकित नर उभे असतात. त्यामुळे आजच्या कुठल्याही नराचं नाव घेऊन 'हा लावा' असं मी सांगणार नाही. घराण्यांबद्दल मात्र मोकळेपणी बोलतो.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न नराचा नाहीच. घोडी का लंगडली, हा आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय नराची चर्चा म्हणजे बाजारात तुरी.

ज्यांनी कटिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी चार वाक्यं. घोडेस्वार गुरांच्या कळपात शिरतो, एक गुरू बाजूला काढतो आणि लगाम ढिला सोडतो. आता ते गुरू कळपात परत घुसायला बघणार आणि घोड्याने ते स्वतःच्या अकलेने अडवायचं. वेळ अडीच मिनिटं. पंच ६० ते ८० मध्ये गुण देतात, ७० म्हणजे बरं काम. गुरू हातातून निसटून कळपात गेलं की पाच गुण गेले. कबड्डीत निसटू पाहणाऱ्या चढाईपटूसमोर कोपरा रक्षक जसा दबा धरून डावी-उजवीकडे झुलतो, तसा हा पाचशे किलोचा प्राणी मागच्या पायांवर बसून झुलतो. सगळा भार मागच्या पायांवर, त्यातही हॉकवर. हॉक म्हणजे आपल्या टाचेच्या जागी घोड्याला असतो तो सांधा. तुमच्या घोडीचं दुखणं तिथलंच आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगितलं.

आता एक जुनी गोष्ट. ती तुमच्या प्रश्नाला इतकी चिकटून येते की टाळता येत नाही. पोको लीना नावाची घोडी १९४९ साली जन्मली. पोको ब्यूएनो या नराची मुलगी, म्हणजे किंग नावाच्या गाजलेल्या घोड्याची नात. कटिंगच्या रिंगणात ती सुमारे दहा वर्षं टिकली आणि त्या काळात जवळपास एक लाख डॉलर कमावून बसली. १९६२ मध्ये तिचे मालक विमान अपघातात गेले. त्या गोंधळात घोडी ट्रेलरमध्येच राहिल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, ती काही दिवस तशीच अन्नपाण्यावाचून उभी होती. खुरांच्या आत आधीच असलेला दाह त्यानंतर इतका बळावला की ती पुन्हा धड चालली नाही. पुढे ती कॅलिफोर्नियात जेन्सन कुटुंबाकडे गेली. त्यांच्याकडे डॉक बार होता. पोको लीनाला त्याच्यापासून दोनच शिंगरं झाली, डॉक ओलीना आणि ड्राय डॉक. फोर्ट वर्थची फ्युचुरिटी ही तीन वर्षांच्या घोड्यांची सगळ्यात मोठी स्पर्धा, आणि ती १९७० साली डॉक ओलीनाने जिंकली, १९७१ साली ड्राय डॉकने. तुमच्या घोडीचा आजोबा स्मार्ट लिटल लीना हा डॉक ओलीनाचाच मुलगा. तेव्हा लंगड्या घोडीपासून काय होऊ शकतं याचा पुरावा तुमच्या घोडीच्या कागदावरच आहे.

ही गोष्ट सांगून लोक आपल्या लंगड्या घोडीला नर लावायला निघतात, आणि इथेच फसतात. पोको लीनाचं लंगडणं तिच्या बांध्यातून आलं असतं तर ती दहा वर्षं टिकली नसती. तिला जायबंदी केलं दुर्दैवाने, आणि दुर्दैव शिंगरात उतरत नाही. बांधा उतरतो. हॉक सरळसोट असेल, किंवा दोन्ही हॉक आतल्या बाजूला झुकलेले असतील, किंवा सांध्याखालची हाडं त्या कामाला बारीक पडत असतील, तर तुम्ही दहा हजार डॉलर फीचा नर लावा नाहीतर फुकटातला, निम्मा बांधा आईचाच येणार.

माझ्याच हातून घडलेलं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची घोडी होती, डोकं आणि गुरांची समज अशी की बघत राहावं. चौथ्या वर्षी दोन्ही हॉकना संधिवात. मी एक्स-रे पाहिले होते. पाय जरा जास्तच सरळ आहेत हेही दिसत होतं. पण घराणं मोठं, मालक उत्साही, आणि मी नवा, म्हणून 'होईल, चांगल्या हॉकचा नर लावू' असं बोलून गेलो. तीन वर्षांत तीन शिंगरं झाली. पहिलं तिसऱ्या वर्षीच हॉकमध्ये इंजेक्शनं घ्यायला लागलं, दुसरं विकलं गेलं, तिसरं आज कुणाच्या तरी कुरणात शोभेला उभं आहे. मालकाचे किती पैसे गेले याचा हिशेब मी कधी विचारला नाही, त्याने कधी सांगितला नाही. तेव्हापासून मी लंगड्या घोडीच्या मालकाला पहिला प्रश्न नराचा विचारत नाही.

तर तुम्ही काय करायचं? दोन्ही हॉकचे एक्स-रे काढून घ्या, दुखऱ्या एकाचेच नकोत. एकाच पायात बदल असतील, दुसरा स्वच्छ असेल आणि घसरण्याचा, खड्ड्यात पाय जाण्याचा, ट्रेलरमध्ये लाथ बसण्याचा काही इतिहास असेल, तर अपघाताकडे बोट जातं. दोन्ही सांधे सारखेच झिजले असतील तर बांध्याकडे. नेहमीच इतकं सरळ उत्तर मिळतं असं नाही. अकरा वर्षांच्या, काम केलेल्या कटिंगच्या घोडीत थोडी झीज असणारच, ती कामाची असते. किती वयात सुरू झाली हे महत्त्वाचं. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बिनइंजेक्शनची चालली असेल तर मी ते तिच्या बाजूने धरेन. आधीच्या मालकाकडून तिचे जुने वैद्यकीय कागद मिळाले तर मागून घ्या. इथे लोक ते सहसा देतात. तिची आई आणि बहिणी किती वर्षं टिकल्या हेही पाहा, कारण ते कुठल्याही एक्स-रेइतकंच बोलकं असतं.

हा अडसर ओलांडला असं धरून आता घराण्यांकडे येतो.

कटिंगच्या जगात कुठलीही वंशावळ उघडा, तीन-चार पायऱ्यांवर डॉक बार भेटतोच. गंमत अशी की हा घोडा स्वतः कधी कटिंगचा नव्हताच. १९५६ साली ॲरिझोनात जन्मला, शर्यतीसाठी. चार शर्यती धावला, एकूण कमाई ९५ डॉलर. मग बांध्याच्या प्रदर्शनांत चमकला. १९६२ मध्ये जेन्सन कुटुंबाने त्याला ३०,००० डॉलरला घेतलं आणि आपल्याकडच्या पोको टिव्हिओच्या मुलींना लावलं. पोको टिव्हिओ हाही पोको ब्यूएनोचा मुलगा. त्या घोड्यांमध्ये गुरांची समज होती, डॉक बारने हलकेपणा, देखणेपणा आणि ती खाली बसण्याची लकब दिली. दोन्ही मिळून जे निघालं त्याने पुढची पन्नास वर्षं हा खेळ बदलून टाकला. माझ्या दृष्टीने या गोष्टीतलं अर्धं श्रेय त्या घोड्यांच्या आयांचं आहे आणि ते त्यांना मिळत नाही. कागदावर नाव नराचं मोठ्या अक्षरात छापतात. एका नराची हजारो शिंगरं होऊ शकतात, घोडीची मोजकी, त्यामुळे यादीत नर दिसतो.

दुसरं मोठं घराणं पेपी सॅन बॅजरचं, ज्याला इथे सगळे लिटल पेपी म्हणतात. १९७४ चा जन्म, किंग रँचचा घोडा, १९७७ ची फ्युचुरिटी बस्टर वेल्च यांनी त्याच्यावर जिंकली. त्याच्यात डॉक बार नाही. म्हणूनच डॉक बारच्या मुली आणि लिटल पेपी हा मेळ इतका चालला. त्याचा मुलगा पेप्टोबूनस्मॉल, १९९५ चा फ्युचुरिटी विजेता, रॉयल ब्लू बून या घोडीच्या पोटचा. रॉयल ब्लू बूनचं नाव लक्षात ठेवा. तिने स्वतः तीन लाख ऐंशी हजार डॉलरच्या वर कमावले आणि तिच्या शिंगरांची एकत्र कमाई वीस लाखांपलीकडे गेली. तिथवर पोचलेली ती या खेळातली पहिली घोडी. वेगवेगळ्या नरांपासून तिने चांगली शिंगरं दिली. 'घोडी चांगली' म्हणजे नेमकं काय ते हे.

आणि तुमच्या ट्रेनरचं 'कॅट' घराणं म्हणजे हाय ब्राऊ कॅट, जन्म १९८८. स्वतः रिंगणात मोठं जेतेपद नाही, पण बाप म्हणून कमाईच्या यादीत वर्षानुवर्षं पहिला. त्याचा मुलगा मेटॅलिक कॅट, २००८ चा फ्युचुरिटी विजेता, त्याच्यानंतर तसाच गाजला. या घराण्यातले घोडे चपळ, जमिनीलगत काम करणारे आणि डोळ्यांत गुरू भरून घेणारे असतात. माझ्या पाहण्यात त्यांतले काही फार हळवे निघतात. कसलेल्या हाताखाली सोनं, नवख्याच्या हाताखाली वैताग. हे सगळ्यांना लागू नाही, पण मुलगी चालवणार असेल तर मनात असू द्या.

आता तुमच्या शेजाऱ्याची भीती. डॉक बार पुन्हापुन्हा आला तर शिंगरू बिघडतं का? इथे शब्दांपेक्षा गणित बरं. हाय ब्राऊ कॅटचंच घ्या. त्याच्या वडिलांचे वडील डॉक्स हिकरी, तो डॉक बारचा मुलगा. त्याच्या आईचे वडील स्मार्ट लिटल लीना, म्हणजे डॉक बारचा नातू. आणि त्याच्या आईची आई डॉक्स किटी ही थेट डॉक बारची मुलगी. तीन ठिकाणी एकच पूर्वज. एका पूर्वजामुळे होणारा आंतरप्रजननाचा वाटा काढायचा तर बापाकडून त्या पूर्वजापर्यंतच्या पायऱ्या आणि आईकडून त्याच्यापर्यंतच्या पायऱ्या मोजायच्या, त्यात एक मिळवायचा, आणि तितक्या वेळा अर्ध्याचं अर्धं करत जायचं. इथे वडिलांकडून दोन पायऱ्या. आईकडून एका वाटेने तीन, दुसऱ्या वाटेने दोन. म्हणजे एक चौसष्टांश अधिक एक बत्तिसांश. सुमारे ४.७ टक्के. चुलत भावंडांच्या लग्नातून ६.२५ येतात, सावत्र भावंडांच्या मेळातून १२.५. तेव्हा ज्या घोड्याने इतिहास घडवला त्याच्यातच डॉक बार तीनदा होता आणि आकाश कोसळलं नाही.

तुमच्या घोडीला मेटॅलिक कॅटसारखा नर लावला तर? त्याच्याकडून स्मार्ट लिटल लीनापर्यंत तीन पायऱ्या, घोडीकडून दोन, म्हणून एक चौसष्टांश, १.६ टक्के. मेटॅलिक कॅटची आई पेप्टोबूनस्मॉलची मुलगी, म्हणजे लिटल पेपीपर्यंत त्याच्याकडूनही तीन पायऱ्या आणि तुमच्या घोडीकडूनही तीन, आणखी ०.८ टक्के. मागच्या पिढ्यांतले डॉक बार मिळवले तरी आकडा घाबरण्यासारखा होत नाही. लिटल पेपीचा मुलगा ड्युअल पेप, त्याचा मुलगा ड्युअल रे, आणि ड्युअल रेचा एखादा मुलगा लावलात तर लिटल पेपीची पुनरावृत्ती ०.८ टक्क्यांवर राहते आणि स्मार्ट लिटल लीना बापाकडून पुन्हा येतोय का तेवढं त्या नराच्या कागदावर बघायचं. डॉक बार अजिबात नसलेला कटिंगचा नर शोधू म्हणाल तर आज जवळजवळ मिळणार नाही, आणि मिळाला तर का मिळाला हा प्रश्न पडेल.

मग शेजारी चूक? टक्क्यांच्या बाबतीत हो. पण त्याच्या भीतीत एक खरी गोष्ट लपलेली आहे आणि तिचं नाव हर्डा. हा कातडीचा आनुवंशिक रोग आहे. कातडीच्या आतले थर एकमेकांना धड चिकटत नाहीत. शिंगरू जन्मतः ठणठणीत दिसतं. दोन वर्षांचं झालं, पाठीवर खोगीर आलं की पाठीची कातडी सुटायला लागते. उपचार नाही. ही तपासणी येण्याआधीच्या काळात मी असं एक मादी शिंगरू पाहिलंय. ट्रेनर म्हणत होता खोगीर घासलं असेल, मालक म्हणत होते कुंपणाला घासली असेल. मीही पहिल्या दिवशी मलमच दिलं. चौथ्या दिवशी पाठीवर हात ठेवला तेव्हा कातडी बोटांखाली सरकली. तो स्पर्श अजून आठवतो. ती घोडी सुंदर होती आणि आई-बाप दोन्ही नावाजलेले.

सुरुवातीच्या अभ्यासांत हर्डा झालेल्या घोड्यांच्या वंशावळी पोको ब्यूएनोकडे जाऊन मिळत होत्या. तुमच्या घोडीत तो पोको लीनामार्फत आहे. रोग दोन सदोष प्रती मिळाल्या तरच होतो. एक असेल तर घोडा फक्त वाहक, अगदी निरोगी, आणि कटिंगच्या घोड्यांत वाहक चारात एकाच्या आसपास निघाले होते. हिशेब सोपा आहे. आजोबा वाहक असेल तर त्याच्या मुलाकडे ती प्रत जाण्याची शक्यता निम्मी, नातीकडे जाण्याची पाव. वाहक घोडी आणि वाहक नर असा मेळ झाला तर दर चारात एक शिंगरू आजारी. वाहक घोडी आणि स्वच्छ नर असेल तर एकही आजारी नाही, निम्मी वाहक. म्हणजे वाहक असणं हा गुन्हा नाही. न तपासता मेळ घालणं हा आहे. २००७ पासून जनुकीय तपासणी उपलब्ध आहे. आयाळीतले किंवा शेपटीतले वीसतीस केस मुळांसकट उपटून पाठवायचे, बस. त्याच केसांवर बाकीचे दोषही तपासून घ्या. जन्मतःच शिंगरू दगावतं तो ग्लायकोजनचा दोष, स्नायूंचे तीन-चार दोष, असा चाचण्यांचा संच मिळतो. नराचे निकाल मालक देतातच. दिले नाहीत तर पुढे चला.

आतापर्यंतचं एकत्र धरा: आधी हॉक, मग केस, मग कागदावरची पुनरावृत्ती, आणि चौथ्या नंबरला नराचं नाव. लोक उलट्या क्रमाने जातात.

नर निवडताना कमाईच्या याद्या जपून वाचा. एखाद्या नराच्या शिंगरांनी कोट्यवधी डॉलर मिळवले असं छापलेलं असतं. पण त्याची शिंगरं किती? दोन हजार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला काय आलं? आणि त्या कमाईतला मोठा हिस्सा चार-पाच नावांनीच मिळवला असेल तर? शिवाय फी जितकी जास्त तितक्या उत्तम घोड्या त्याच्याकडे येतात, शिंगरं उत्तम ट्रेनरकडे जातात, आणि मग श्रेय पुन्हा नराला. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजचा निकाल चांगला लागतो त्यात कॉलेज किती आणि प्रवेशाची यादी किती, तसाच हा मामला. मी नराच्या अशा मुली-मुलग्यांकडे बघतो ज्यांच्या आया साधारण होत्या. तिथे तो काय देतो ते दिसतं. शक्य झालं तर नराला प्रत्यक्ष बघायला जा आणि मागे उभे राहून पाय बघा. सारंगखेड्याच्या बाजारात जुने लोक घोड्याचे भोवरे मोजतात, आपण हसतो. पण तेच लोक घोडा चालवून, वळवून, मागून बघून मग बोली लावतात. इथे मात्र झकपक जाहिरातीतला फोटो बघून चेक फाडणारे मी रोज पाहतो.

तुमच्या घोडीची उणीव काय, ते मला कळलेलं नाही, कारण तुम्ही तिचे गुण लिहिलेत, दोष नाही. ती गुरांवर तापट आहे की थंड? वळताना पुढून हलकी की जड? उंची किती? घोडी चौदा-साडेचौदा हातांची (घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच), चपळ आणि जरा तडकू असेल तर तिला आणखी तडकू कॅट लावण्यापेक्षा ड्युअल रेच्या बाजूचा, दणकट हॉकचा, शांत डोक्याचा नर मी बघेन. ती ताकदवान पण संथ असेल तर तुमच्या ट्रेनरचं बरोबर आहे. ट्रेनर तिच्यावर बसलाय, मी नाही. फक्त त्याला एवढं विचारा की त्या नराच्या मालकाशी त्याचं काही देणंघेणं आहे का. असलं तरी वाईट नाही, माहीत असावं.

आता वेळ. हे ऐकून तुमचा बेत बदलेल कदाचित. पुढच्या मार्चमध्ये घोडी भरली तर अकरा महिन्यांनी, त्यापुढच्या फेब्रुवारीत व्याली. शिंगरू दोन वर्षांचं झालं की शिकवणी सुरू, तीन वर्षांचं असताना वर्षअखेरीला फ्युचुरिटी. म्हणजे आजपासून जवळजवळ पाच वर्षं. तुमची मुलगी तेव्हा अठराची, युवा गटाच्या शेवटच्या टोकाला, बहुधा सामान बांधून कॉलेजच्या वाटेवर. आणि पहिल्या वर्षी शिंगरू तिच्यासारख्या स्वाराच्या हाती देत नाहीत, ट्रेनरच चालवतो. मुलीला घोडा हवा हा हेतू असेल तर नराची फी, फळवण्याचा खर्च, दोन वर्षांचा चारा आणि पुढे दर महिन्याची ट्रेनिंगची हजार-दीड हजार डॉलरची किंवा त्याहून जास्त बिलं, एवढ्या पैशात दहा-बारा वर्षांचा, तयार, खच्ची केलेला घोडा आजच येतो. तो तिला जे शिकवेल ते तीन वर्षांचं शिंगरू शिकवणार नाही. या घोडीची आठवण म्हणून, किंवा तुम्हालाच या शेतीची ओढ लागली म्हणून शिंगरू हवं असेल, तर ते वेगळं, आणि त्यात चूक काही नाही. हेतू मात्र घरात मोकळेपणी बोलून घ्या. मुलीलाही विचारा.

भरवायचंच ठरलं तर पद्धतीबद्दल. महालक्ष्मीला धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही, नर आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावी लागतात. क्वार्टर हॉर्समध्ये थंड किंवा गोठवलेलं वीर्य कुरियरने येतं, त्यामुळे नर कुठल्याही राज्यात असला तरी चालतं. गर्भ दुसऱ्या घोडीत ठेवणंही चालतं, आणि २००२ पासून एका घोडीचे एका वर्षात कितीही गर्भ नोंदवता येतात. तुमच्या घोडीच्या बाबतीत मी गर्भ-प्रत्यारोपणाकडे झुकेन. दुखरा हॉक घेऊन तिने शेवटचे तीन महिने वाढलेलं पोट वाहू नये असं वाटतं. घोडीला भरवायचं, बीज सुटल्यावर सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय धुवून गर्भ बाहेर काढायचा आणि त्याच वेळी माजावर येऊन गेलेल्या भाडोत्री घोडीत ठेवायचा. एका प्रयत्नात गर्भ मिळेलच असं नाही, मिळाला तर रुजेलच असं नाही, आणि भाडोत्री घोडीचे पैसे वेगळे. दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवून हिशेब मांडा. हॉकचं दुखणं हलकं असेल, साधं औषध देऊन ती कुरणात आरामात हिंडत असेल, तर तिला स्वतःलाच वाहू द्यायलाही हरकत नाही. हे तुमच्या डॉक्टरांनी तिला चालताना बघून ठरवावं.

अकराव्या वर्षी पहिल्यांदा भरवलेली घोडी थोडी नखरे करते हेही सांगून ठेवतो. गर्भाशयाचं तोंड पुरेसं सैल पडत नाही, आत पाणी साचून राहतं, पहिली फेरी वाया जाते. म्हणून आधी गर्भाशयाची तपासणी आणि पेशींचा नमुना घ्या. गोठवलेलं वीर्य असेल तर बीज सुटण्याच्या वेळेच्या काही तास इकडेतिकडेच जागा असते, रात्री दोनदा-तीनदा तपासावं लागतं आणि बिल तसं येतं. थंड वीर्याला जरा जास्त मोकळीक मिळते, पहिल्यांदा तेच वापरा. अंडाशयावरची पुटी ३५ मिलिमीटरच्या वर गेली की इंजेक्शन देतात, दीड-दोन दिवसांत बीज सुटतं, त्या आत वीर्य पोचलं पाहिजे. घोडीलाच वाहू देणार असाल तर चौदाव्या-पंधराव्या दिवशी जुळं आहे का ते पाहायचंच. घोडीत जुळं म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही जातात, त्याच दिवशी एक दाबून मोडावं लागतं.

शेवटी तारखांचा एक तिढा. इथे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू फ्युचुरिटीत फेब्रुवारीत जन्मलेल्याशी लढतं, तीन महिने लहान असताना. म्हणून लवकर भरवायची घाई असते, आणि निसर्गात घोडी माजावर येते दिवस मोठा झाल्यावर. त्यावर उपाय दिव्यांचा: १ डिसेंबरपासून तिच्या ठाणात रोज एकूण सोळा तास उजेड राहील असं करा, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला ती बहुधा नियमित माजावर येते. मोठे दिवे लागत नाहीत, ठाणात उभं राहून वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरतो. केस आताच पाठवा, एक्स-रे याच महिन्यात काढा. दोन्ही निकाल आले आणि मन बदललं नसेल, तर तोवर टाइमर लावलेला दिवा ठाणात बसवून घ्या आणि घोडीचे आकडे घेऊन मला पुन्हा लिहा: उंची, स्वभाव, आईची आणि बहिणींची कमाई, आणि दोन्ही हॉकबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते.